चाळीस यार्डांपलीकडचा बिबट्या

गोदावरी आणि कादवेच्या काठाने उसाचे फड वाढले, तसा बिबट्या निफाड तालुक्याचा कायमचा रहिवासी झाला. उसात त्याला आडोसा मिळतो, पाटाचे पाणी मिळते, वस्त्यांवरची कुत्री आणि शेळ्या मिळतात. बिबट्याची मादी फडातच पिल्ले घालते. पिंपळगाव बसवंतच्या शिवारात माणूसही रात्री घरात बसलेला नसतो. थ्री फेज वीज रात्रपाळीला आली की मोटार चालू करायला जावेच लागते, पारा घसरला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि छाटणीच्या आणि डिपिंगच्या (घड द्रावणात बुडवण्याच्या) हंगामात पेठ-सुरगाण्याहून आलेली मजुरांची कुटुंबे बागेच्या कडेलाच पाल ठोकून राहतात. माणूस आणि बिबट्या एकाच वेळी एकाच बांधावर असतात, त्यामुळे भीती खरी आहे. या भीतीतून एक प्रश्न पुढे येतो: घरात परवान्याची बारा बोअरची दुनळी असताना तिचा पल्ला वाढवून बिबट्याला लांबूनच का टिपू नये? अमेरिकेत कोल्ह्यासारखे कोयोटी मारणारे शिकारी छऱ्यांचा पॅटर्न सुधारून हेच करतात. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मामा-भाच्याच्या तोंडून मांडतो. मामा पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार, भाचा बंदुकीचा आणि वन्यजीव कायद्याचा अभ्यास असलेला. ही पात्रे मांडणीपुरती आहेत. त्यांचे मुद्दे मात्र तालुक्यात कुठल्याही पारावर निघतात.

मामा : अरे, सरळ बोलतो. बॅटरीचा झोत टाकला की पन्नास-साठ पावलांवर डोळे चमकतात. बिबट्या बसलेला असतो, हलत नाही, आमच्याकडेच बघत असतो. तो अंगावर येईपर्यंत मी थांबायचं आणि मग बार टाकायचा, हा कुठला न्याय? जवळ आला की त्याला एक झेप पुरते, मला मात्र बंदूक खांद्याला लावायलाही वेळ नाही. म्हणून म्हणतो, नळीचा चोक, म्हणजे तोंड, आवळून घ्यावा, चांगली काडतुसं आणावीत, छर्रे लांबवर एकवट जातील असं करावं. अमेरिकेतले लोक चाळीस-पन्नास यार्डांवर कोयोटी पाडतात म्हणे. त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

भाचा : मामा, पॅटर्न सुधारता येतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्यामागे शास्त्रही आहे. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावून बार टाकतात. छर्रे जिथे सगळ्यात दाट लागले तिथे तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढतात आणि काडतुसातल्या एकूण छऱ्यांपैकी किती आत पडले ते मोजतात. सरळ नळीतून चाळीस टक्के, हाफ चोकमधून साठ, फुल चोकमधून सत्तर टक्के, असा ढोबळ हिशेब. बहुतेक दुनळ्यांत एक नळी मोकळी आणि एक आवळलेली असते ती याचसाठी. फुल चोक म्हणजे नळीचं तोंड जेमतेम एक मिलिमीटरने अरुंद केलेलं असतं. पण चोक हा सुधारणेतला एक भाग झाला. शिसं मऊ असतं. बार उडाला की मागच्या दाबाने छर्रे एकमेकांवर चेपतात, नळीला घासतात, चपटे होतात, आणि चपटा छर्रा हवेत भरकटतो. म्हणून शिशात अँटिमनी मिसळून छर्रे कडक करतात, त्यांना तांब्याचा मुलामा देतात, मधल्या फटीत प्लास्टिकची बारीक भुकटी भरतात आणि सगळा ऐवज प्लास्टिकच्या कपात बसवतात, म्हणजे नळीशी घर्षण होत नाही. जाड छऱ्यांना फार आवळलेला चोक उलट बाधतो. अरुंद तोंडातून जाताना ते एकमेकांना ढकलतात आणि फाकतात. म्हणून प्रत्येक बंदुकीवर प्रत्येक काडतूस कागदावर तपासूनच जोडी ठरवतात. हे सगळं नीट केलं तर पल्ला वाढतो, तो पाचसात यार्डांनी, फार तर दहा.

मामा : मग दहा यार्ड काय कमी झाले? जीव वाचवायला दहा यार्ड पुष्कळ असतात.

भाचा : त्यांनी जीव वाचला असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण पॅटर्न म्हणजे कागदावरची टक्केवारी, आणि समोर असतं जनावर. त्याच्या अंगात मारक जागा किती, तिथे किती छर्रे पोचतात आणि पोचलेला छर्रा किती खोल जातो, हे तीन प्रश्न टक्केवारीत येतच नाहीत. हिशेब करू. मोठ्या जनावरासाठी म्हणून आपल्याकडे लोक एलजीचं काडतूस ठेवतात. त्यात जेमतेम सहा गोळ्या, प्रत्येकी साडेचार ग्रॅमच्या आसपास. चाळीस यार्डांवर फुल चोकच्या सत्तर टक्क्यांनी त्यातल्या चार वर्तुळात पडतील. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. बिबट्याचं काळीज आणि त्याभोवतीचा फुप्फुसाचा भाग मिळून वीस सेंटिमीटर व्यासाची चकती धरली, तर ती सव्वातीनशे चौरस सेंटिमीटरच्या आत भरते, म्हणजे वर्तुळाच्या सात टक्के. चार गोळ्यांचे सात टक्के काढा. एक गोळीसुद्धा येत नाही, पाव गोळी येते. चार बार अगदी अचूक टाकले तर त्यातल्या एकातली एक गोळी नेमक्या जागी बसणार. छर्रे मधोमध जरा दाट असतात हे खरं, म्हणून हा आकडा दुप्पट करा. तरी दोन बारांत एक. आता तुमचं म्हणणं मान्य करून जगातला सर्वोत्तम चोक आणि सर्वोत्तम काडतूस आणलं आणि सहाच्या सहा गोळ्या वर्तुळात बसवल्या. मधल्या दाटीचा फायदा धरूनही दर बाराला एक पूर्ण गोळी मारक जागी पडत नाही. अडचण चोकमध्ये असती तर चोक आवळून सुटली असती. इथे मुळात सहाच गोळ्या आहेत. शंभर टक्के पॅटर्न मिळाला तरी सहाच्या सात होत नाहीत.

मामा : मग बारीक छर्रे घ्यावेत. बीबी घेतले तर सत्तर जातात. सत्तरातले चारदोन लागतीलच की.

भाचा : लागतील, त्याच हिशेबाने तीनचार लागतील. पण बीबीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचाही नसतो, एलजीच्या गोळीच्या दहाव्या हिश्शाइतका. गोल आणि हलकी वस्तू हवेत वेग फार लवकर गमावते. चाळीस यार्डांवर पोचलेला असा छर्रा कातडं फाडेल, मांसात रुतेल. पण खांद्याचं हाड, बरगड्या ओलांडून फुप्फुसापर्यंत जाईलच याची खात्री नाही. अमेरिकेतल्या कोयोटीचं उदाहरण इथेच तुटतं. कोयोटी साधारण दहा-पंधरा किलोंचा, आपल्या मोठ्या गावठी कुत्र्याएवढा. वाढलेला नर बिबट्या पन्नास किलोंच्या वर, छाती-खांद्याने भरलेला. तिथले शिकारी आता टंगस्टनचे छर्रे वापरतात, कारण टंगस्टन शिशाहून बराच जड आणि म्हणून बारीक छर्राही खोल जातो. तरी ते सगळं गणित दहा-पंधरा किलोंच्या जनावरासाठी बसवलेलं आहे. शिवाय ती काडतुसं आपल्याकडच्या दुकानात मिळत नाहीत; आपल्या परवानाधारकाच्या हाती येतात ती बहुतेक खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली साधी शिशाची. म्हणजे जाड छर्रा घेतला तर लागत नाही, बारीक घेतला तर पोचत नाही. सुधारणा करून या दोहोंतलं अंतर थोडं कमी होतं, मिटत नाही.

मामा : मेला नाही तरी लागला तर खरा! एकदा अंगात शिसं गेलं की पुन्हा या शिवाराकडे फिरकणार नाही. तेवढं झालं तरी आमचं काम झालं.

भाचा : मामा, सगळ्यात घातक समजूत हीच आहे. बिबट्या जखमी झाला म्हणजे तो शिवार सोडतो असं नाही. त्याची हद्द तीच राहते, आडोसा तोच राहतो. पळण्याची, दबा धरण्याची ताकद तेवढी कमी होते. ज्याला रानडुकराचं पिल्लू किंवा चपळ कुत्रा धरता येत नाही, तो सोपी शिकार शोधतो. वाघ माणसाकडे का वळतो याची कारणं जिम कॉर्बेट यांनी लिहून ठेवली आहेत; निष्काळजीपणे केलेली आणि पाठलाग न करता सोडून दिलेली जखम हे त्यातलं ठळक कारण. बिबट्याच्या बाबतीत त्यांनी आणखीही कारणं सांगितली, तेव्हा प्रत्येक नरभक्षक बिबट्या जखमीच असतो असं मी म्हणणार नाही. पण हल्ल्याची शक्यता वाढवायचा एक खात्रीचा मार्ग आपल्याच हातात असेल, तर तो अर्धवट लागलेला बार. आणि बार टाकणाऱ्यालाच ती किंमत मोजावी लागेल असं नाही. पहाटे शेजारच्या फडात ऊसतोडीला शिरणाऱ्या बाईला आत जखमी बिबट्या बसलाय हे कोण सांगणार? ज्याने चोरून बार टाकला तो तर सांगणार नाही.

मामा : कॉर्बेटचं नाव घेतलंस म्हणून विचारतो. त्यांनी स्वतः पानारचा नरभक्षक बिबट्या छऱ्याच्याच बंदुकीने मारला होता ना?

भाचा : हो, १९१० साली कुमाऊँमध्ये, आणि तो प्रसंग माझ्याच बाजूने बोलतो. कॉर्बेट झाडावर बसले होते, बिबट्या रात्री अगदी जवळ आला होता, तरी पहिल्या बाराने तो मेला नाही, नुसता जखमी झाला. मग पेटत्या चुडी घेतलेल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंधारातच त्याचा माग काढावा लागला. बिबट्या चालून आला तेव्हा गावकरी चुडी टाकून पळाले, आणि जमिनीवर पडलेल्या चुडीच्या उजेडात कॉर्बेट यांनी दुसरा बार टाकला. इतक्या अनुभवी शिकाऱ्याला, इतक्या जवळून, दोन बार लागले. चाळीस यार्डांवरून, बॅटरीच्या झोतात, घाबरलेल्या हातांनी, शेजारी द्राक्षाच्या तारा आणि पलीकडे कुणाची तरी वस्ती असताना आपल्याला एकात जमेल असं धरून चालणं बरोबर नाही. वस्तीचा मुद्दाही किरकोळ नाही. एलजीची गोळी वर कोनात सुटली तर सातशे मीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या शिवारात दर दोनतीनशे मीटरवर एक वस्ती आहे, आणि डिपिंगच्या दिवसांत बागेत मजूरही असतात. बिबट्याला न लागलेल्या गोळ्या कुठे गेल्या हे सकाळपर्यंत कळत नाही.

मामा : बरं, कायद्याचं बोल. सरकारने मला ही बंदूक संरक्षणासाठी दिली आहे. मग संरक्षण करायचं नाही तर तिला तेल लावून खुंटीवर टांगायची का?

भाचा : संरक्षण करायचंच. १९५९च्या शस्त्र कायद्यात गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना संरक्षणासाठी मिळतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदाही तुमच्या आड येत नाही: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, चांगल्या हेतूने, जनावराला मारावं किंवा जखमी करावं लागलं तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही. फक्त तो हल्ला असला पाहिजे. बांधावर बसून बघणारा बिबट्या हल्ला करत नाही. तो अनुसूची १ मधला प्राणी आहे, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळते तशी बिबट्यासाठी शेतकऱ्याला मिळत नाही. आता एक गोष्ट बघा. दहा यार्डांवर फुल चोकचा पसारा जेमतेम वीतभर असतो. एलजीच्या सहाही गोळ्या त्या वितीत बसतात, आणि त्या अंतरावर त्यांचा जोर शाबूत असतो. म्हणजे बिबट्या खरोखर अंगावर आला तर तुमची आहे ती जुनी दुनळी, आहे त्याच काडतुसासह, पुरेशी आहे. कुठलीही सुधारणा नको. जिथे कायदा बार टाकायला मोकळीक देतो तिथेच छर्रा काम करतो, आणि जिथे छर्रा काम करत नाही तिथे कायदाही परवानगी देत नाही. मधल्या पट्ट्यात, तीस ते साठ यार्डांत, बंदूक सुधारून जी ताकद मिळवायची म्हणता, ती संरक्षणाची नाही. ती शिकारीची आहे, आणि शिकार म्हणूनही ती अपुरी आहे.

मामा : मग पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. वनखातं तेही धड करत नाही.

भाचा : ते करून झालंय, आणि त्याचे परिणाम आपल्या शेजारीच मोजले गेलेत. जुन्नरला २००१ ते २००३ या काळात बिबटे मोठ्या संख्येने पकडून सरासरी चाळीसएक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेलेले दिसले, आणि हल्ले जीवघेणे ठरण्याचं प्रमाणही वाढलेलं होतं. पकडलेला बिबट्या बिथरतो, अनोळखी मुलखात पडतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. त्यांच्याच २०१३च्या अभ्यासात अकोले तालुक्याच्या शेतीच्या मुलखात, जिथे जंगल नावालाच आहे, दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. आपला निफाडचा बागायती पट्टा फार वेगळा नाही. एक मारलात तरी जागा रिकामी राहत नाही. लांबून टिपण्याच्या कल्पनेत हा धागा कायम सुटतो: आपण एका जनावराचा विचार करतो, आणि शिवार मात्र पुढच्या जनावरासाठी तसंच उघडं राहतं.

मामा : आता माझा शेवटचा मुद्दा ऐक. आकडे तुझे बरोबर असतील. पण ज्या घरातलं लेकरू अंगणातून उचलून नेलं, त्या आईला टक्केवारी सांगशील का? पंचनामा करायला येतात, पंचवीस लाख देतात, पिंजरा लावतात आणि जातात. लोकांना वाटतं, आपला जीव वाचवायला कुणी नाही, म्हणून बंदुकीकडे हात जातो.

भाचा : मामा, या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. माणसाचा जीव पहिला, आणि कायदाही तेच सांगतो. बिबट्या माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आणि तो पकडता किंवा बेशुद्ध करता येत नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. २०२५च्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला तीन बळी गेल्यावर तसा आदेश निघाला. ड्रोनने शोध घेतला, आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारून पाहिलं, ते साधलं नाही, आणि मग प्रशिक्षित नेमबाजांनी तो बिबट्या मारला. असं काम रायफलीच्या एका गोळीचं असतं, आणि ती जिथे लागायची तिथेच लागावी म्हणून माग, ड्रोन, पशुवैद्य अशी सगळी तयारी मागे असते. आपण भांडायचं ते याच्यासाठी. दुसरा बळी जाईपर्यंत आदेशाची वाट बघावी लागू नये, पथक तालुक्याच्या जवळ असावं, आणि नेमका तोच बिबट्या ओळखून कारवाई व्हावी. हे काम घरातल्या दुनळीचा चोक आवळून होत नाही. उलट चारजणांनी लपून चार बार टाकले, तर नेमका बिबट्या ओळखायचा कसा हेच पथकाला कळत नाही.

मामा : आणि पथक येईपर्यंत रोजची रात्र कशी काढायची?

भाचा : तिथे तुमचा मूळ हेतू बरोबर आहे. माणूस आणि बिबट्या यांच्यातलं अंतर वाढलं पाहिजे. मात्र ते बंदुकीने वाढत नाही, रात्रीचं काम कमी करून वाढतं. पहिली गोष्ट दिवसा वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच आणली आहे; आपल्या फिडरला ती कधी मिळणार हा प्रश्न ग्रामसभेत आणि महावितरणच्या दारात लावून धरायला हवा. मोटारीला जाणारा माणूस रात्री घरी राहिला, तर एका फटक्यात अंधारातल्या गाठीभेटी बऱ्याच कमी होतील. दुसरी गोष्ट कुत्र्यांची. अकोल्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. कोंबड्यांची घाण, सडका भाजीपाला आणि मेलेली जनावरं उघड्यावर पडली की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. तिसरी गोष्ट गोठा: चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद, दाराला कडी. चौथी गोष्ट मजुरांची पालं. हल्ल्याच्या बातम्या पाहा, बळी बहुतेक लहान मुलं आणि वाकून काम करणारी माणसं असतात. उसाला लागून पाल ठोकायची वेळ मजुरावर येऊ नये, त्याला दार असलेली खोली, उजेड आणि संडास मिळावा. ज्याच्या बागेत तो राबतो त्याने ते द्यायला हवं. या चारही गोष्टींचा खर्च परदेशी काडतुसांपेक्षा जास्त आहे हे मला माहीत आहे. पण यांचा उपयोग दर रात्री, प्रत्येक बिबट्याच्या बाबतीत होतो.

दोघांच्या बोलण्यातून निघणारा निष्कर्ष मी माझ्या नावाने मांडतो. छऱ्यांचा पॅटर्न सुधारणे ही खरी कारागिरी आहे आणि तिला तिच्या जागी मान आहे. मात्र त्या कारागिरीची सीमा छऱ्यांच्या संख्येने आणि वजनाने आखलेली आहे, आणि बिबट्याचे शरीर त्या सीमेपलीकडे पडते. चाळीस यार्डांवरचा बार मारण्यापेक्षा जखमी करण्याची शक्यता कितीतरी जास्त ठेवतो. जखमी बिबट्याचा धोका ज्याने बार टाकला त्याच्यावर न पडता फडात उतरणाऱ्या मजुरावर आणि अंगणात खेळणाऱ्या मुलावर पडतो. म्हणून हा प्रश्न बागायतदाराच्या खासगी संरक्षणापुरता राहत नाही, तो शेजाऱ्याच्या जिवाचा होतो. मामांसारख्यांचा राग वाजवी आहे. तो चोक आवळण्यात खर्च न होता दिवसाच्या विजेसाठी, मजुरांच्या पक्क्या खोल्यांसाठी आणि नरभक्षक ठरलेल्या बिबट्याविरुद्ध वेळेवर निघणाऱ्या आदेशासाठी वापरला गेला पाहिजे. द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोच्या बाजारभावासाठी पिंपळगावच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर उतरून आपले म्हणणे सरकारला ऐकायला लावले आहे. रात्रीच्या पाळीतून सुटका मिळवण्यासाठीही तोच जोर लावला, तर त्यातून जितकी माणसे वाचतील तितकी कुठल्याही नळीतून सुटलेल्या छऱ्यांनी वाचणार नाहीत.